पोस्टग्रेस परत उभा केला त्याची गोष्ट

प्रिय मंद्या,

परवा फोनवर तू मामांच्या सर्व्हरचं काय झालं ते विचारत होतास आणि मी "नंतर सांगतो" म्हणून ठेवून दिला, कारण तेव्हा खरंच हात गुंतले होते. मामांच्या दांडिया बाजारातल्या औषधांच्या एजन्सीचा सर्व्हर भर दुपारी बसला, डिस्कच गेली, आणि बिलांचा सगळा डेटा त्यावरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. मामा देव पाण्यात घालून बसलेले, काउंटरवर गर्दी आणि पोरं कार्बन टाकून हाताने बिलं फाडतायत.

रात्री २ वाजताचा पीजी-डंप होता, म्हणजे डेटाबेसची फाईलीत काढून ठेवलेली प्रत, कस्टम फॉरमॅटमधली, जी पीजी-रिस्टोरनेच परत चढते. तो दुसऱ्या मशीनवर आणला आणि आधी पीजी-रिस्टोर मायनस एल मारून आत काय काय आहे त्याची नुसती यादी बघितली. पण ही यादी फाईलीच्या सुरुवातीलाच असते बरं का, पुढे फाईल अर्धवट तुटलेली असली तरी यादी छानच दिसते, त्यामुळे तेवढ्यावर खूश होऊ नकोस.

मग रोल्स, म्हणजे डेटाबेसचे युजर. पीजी-डंप फक्त एका डेटाबेसचा, युजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येतच नाहीत, त्यासाठी पीजी-डंपऑल ग्लोबल्स-ओन्ली वेगळं काढून ठेवावं लागतं. ती फाईल आधी पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांडने चढवली, मग क्रिएटडीबीने रिकामा डेटाबेस, मग त्यात रिस्टोर, मायनस जे ४ लावून, म्हणजे चार कामं एकदम. आणि हे रिस्टोर एरर आली तरी थांबत नाही हं, पुढेच पळतं आणि शेवटी इतक्या एरर सोडल्या म्हणून सांगतं, ती ओळ वाचायचीच. थांबायला हवं असेल तर मायनस ई. झाल्यावर अ‍ॅनालाइझ चालवलं, म्हणजे पोस्टग्रेसला टेबलांचा अंदाज येतो, नाहीतर क्वेऱ्या रांगतात.

आता सकाळची बिलं, ती रात्रीच्या डंपमध्ये नव्हतीच. मामांचा पुतण्या म्हणतो, वॉल फाइली, म्हणजे पोस्टग्रेस प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो त्या, आहेत ना, त्या वर चढव. अरे बाबा, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये डंपवर बिनलॉग, म्हणजे तिथली बदलांची नोंद, चढतो, पोस्टग्रेसचा वॉल पीजी-डंपवर चढत नाही, त्याला खाली पीजी-बेसबॅकअपसारखी डेटाच्या मूळ फाइलींचीच पूर्ण प्रत लागते! ती कोणी घेतच नव्हतं. शेवटी बिलांच्या कॉप्या काढून पोरांनी सगळं परत टाइप केलं, मामा बाजूला बसून रक्कम वाचून दाखवत होते आणि मधूनमधून मलाच चहा आणायला पाठवत होते.

आता आठवड्याला बेसबॅकअप आणि वॉल दुसऱ्या डिस्कवर, एवढं लावून दिलंय. तुमच्या ऑफिसात ग्लोबल्सची फाईल कोण काढतं ते विचार आणि कळव, बहुतेक कोणीच नाही निघणार. आणि दिवाळीत बडोद्याला ये, शेव-उसळ खायला जाऊ, वहिनींना पण आण.

तुझा,
अवि