मन घट्ट कर म्हणजे नेमकं काय कर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पानावरचा मानसतज्ज्ञांविषयीचा लेख वाचला आणि रात्रभर तोच डोक्यात घोळत राहिला, म्हणून आज लिहिते आहे. लेखकाने मैदानावर आयुष्य घालवलं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण खमकेपणा रक्तातच असावा लागतो आणि आजकालच्या मुलांना साधा सामना खेळायलाही समुपदेशक लागतो, हे जे त्यांनी लिहिलं आहे, ते माझ्या मुलीनेही वाचलं. तिने पेपरची घडी घातली आणि काही न बोलता सरावाला निघून गेली. हे छापण्याआधी तुमच्याकडे कुणाला काहीच खटकलं नाही का?

माझी मुलगी कबड्डी खेळते, चढाया करते. तीन वर्षांपूर्वी एका निवड चाचणीत दीड मिनिट उरलं होतं आणि तिचा संघ एका गुणाने मागे होता. दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर चढाई करणारी बाद, हा नियम तुमच्या वाचकांना सांगायला नको. समोर पाचच जणी, आणि बोनस गुणासाठी समोर निदान सहा जणी लागतात, म्हणजे त्याचीही सोय नाही. उजव्या कोपऱ्यावर पाय टाकून परत फिरणं हा तिचा हातखंडा, सरावात ती ते बोलता बोलता करते. त्या दिवशी तिने पाय टाकण्याआधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला.

बाहेर आल्यावर प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, घाबरट आहेस, मन घट्ट कर. त्यानंतर प्रत्येक सामन्याच्या सकाळी तिला उलट्या व्हायला लागल्या. आम्ही पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, सोनोग्राफी केली, काहीही निघालं नाही. मी प्रशिक्षकांना विचारलं, मन घट्ट करायचं म्हणजे तिने नेमकं काय करायचं? जोर किती, बैठका किती, दोरीवरच्या उड्या किती, हे त्यांना तोंडपाठ होतं. याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं. मी स्वतः परळच्या नरे पार्क मैदानाच्या मातीत चार वर्षं खेळले आहे. मलाही ते सांगता आलं नाही.

शेवटी ज्या मानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, पाय टाकताना तुझं लक्ष कुठे होतं? मुलगी म्हणाली, पायाकडे. बाईंनी सांगितलं की घोटून घोटून अंगात मुरलेली हालचाल शरीर आपली आपण करतं. दडपणाखाली माणूस तिच्यावर पहारा करायला जातो, आणि तिथेच ती अडखळते. जिना भराभर उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून बघ, म्हणाल्या. त्या चाचणीनंतर कुणीतरी पहिल्यांदा तिला तिची चूक समजावून सांगत होतं. तोपर्यंत सगळे तिचा स्वभावच सांगत होते.

मग काम सुरू झालं. काम हाच शब्द मी वापरीन, कारण त्यात गप्पा फार थोड्या होत्या. कबड्डीत चढाई सुरू झाली की श्वास ‘कबड्डी कबड्डी’चा दम घालण्यात गुंततो, तो सावरायला सवड नसते. म्हणून जे करायचं ते मध्यरेषेच्या अलीकडे. दोन श्वास, सोडताना लांब. गुडघ्याची पट्टी एकदा ओढायची. मनात एकच शब्द, आणि नजर स्वतःच्या पायावर न ठेवता समोरच्या कोपऱ्यातल्या मुलीच्या कमरेवर. दर वेळी हाच क्रम, गुण कितीही असोत. रात्री झोपताना तीच चढाई डोळे मिटून पाहायची, तीही प्रेक्षकांतून न पाहता स्वतःच्या डोळ्यांनी, मॅटवरच्या बुटांच्या आवाजासकट. आणि सरावात मुद्दाम शेवटची दोन मिनिटं लावायची, दोन गुणांनी मागे, बाकीच्या मुलींनी कडेला उभं राहून ओरडायचं. छातीत धडधडणं थांबवायला बाईंनी कधीच सांगितलं नाही. धडधड होणारच, ती असताना खेळायचं कसं ते शिकायचं.

नऊ महिने लागले. निवड पुढच्या वर्षीही झाली नाही, हे लपवत नाही. पण उलट्या थांबल्या आणि मुलगी अजून खेळते आहे.

लेखकाचा मुद्दा असा की त्यांच्या पिढीला हे कुणी शिकवलं नाही, तरी ते खेळले. जे टिकले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. आमच्या संघात घोट्याची पकड करणारी एक मुलगी होती, तिच्यासारखी पकड मी नंतर पाहिली नाही. एका अंतिम सामन्यात तिच्या हातून चढाई करणारी निसटली, आणि पुढच्या सोमवारपासून ती मैदानावर आलीच नाही. आम्ही म्हणालो, लग्न ठरलं असेल. कुणी तिच्या घरी जाऊन विचारलंही नाही, मीसुद्धा नाही. त्याची बोच मला आजही आहे.

आणि हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही. पोलीस दलात वरिष्ठ अधिकारी राहिलेले भीष्मराज बाम नाशिकला राहून हेच काम करत होते, योगाचा आधार घेऊन, नेमबाज अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत. ते 2017 साली गेले. 2011 मध्ये वानखेडेवर विश्वचषक उचलणाऱ्या संघाबरोबर पॅडी अप्टन होते ते मनाच्या तयारीसाठीच. आणि 30 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावांचा पाठलाग करताना नाबाद 127 करणारी आपली जेमिमा रॉड्रिग्ज सामन्यानंतर काय म्हणाली, ते तुमच्याच पानावर आलं होतं. स्पर्धेच्या काळात आपण चिंतेने ग्रासलो होतो, रडत होतो, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. तिच्या रक्तात खमकेपणा नाही, असं लेखक म्हणणार आहेत का?

माझ्या मुलीसाठी आम्ही फी भरू शकलो. तिच्याच संघातल्या दोघींच्या घरी ते शक्य नाही. प्रशिक्षकांच्या शिबिरात बैठका आणि डावपेचांबरोबर दोन दिवस याचंही शिक्षण द्या, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती तुमच्या पानावरून मांडली जावी.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या मुलींच्या कबड्डी स्पर्धेचा निकाल तुम्ही आयपीएलच्या बातमीखाली चार ओळींत छापलात, त्यात विजेता आणि उपविजेता संघ उलटे झाले होते. मी दोनदा फोन केला, एकदा ईमेल पाठवला. मुलींनी ते कात्रण शाळेत दाखवायचं म्हणून जपून ठेवलं आहे आणि दुरुस्तीची वाट पाहत आहेत. ती अजून आलेली नाही.

कळावे,
एका चढाईपटूची आई,
प्रभादेवी, मुंबई