स्क्वॉड्रनच्या डायऱ्या खुल्या करा

महोदय,

डिसेंबर आला की आपल्या पानांवर १९७१ च्या युद्धाचे लेख येतात. लोंगेवाला, कराची बंदर, ढाक्यातली शरणागती. हे सगळं छापलंच पाहिजे. पण त्या युद्धात मी पंजाबातल्या एका तळावर सुखोई-७ च्या स्क्वॉड्रनमध्ये (विमानांच्या तुकडीत) आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानाला बॉम्ब-रॉकेट लावणारा कारागीर, होतो आणि आम्ही काढलेले दिवस मला या लेखांत कधी भेटत नाहीत. म्हणून, स्क्वॉड्रनच्या डायऱ्या, म्हणजे त्या दिवसांच्या रोजच्या लेखी नोंदी, आता खुल्या कराव्यात, हे मागायला लिहितो आहे.

आजच्या वाचकाला सुखोई म्हटलं की सुखोई-३० आठवतं. आमचं विमान वेगळं. एक इंजिन, एक वैमानिक. आपल्या हवाई दलात ते १९६८ मध्ये आलं आणि १९७१ मध्ये त्याच्या सहा स्क्वॉड्रन लढल्या. अंगाने दणकट, पण इंधन भराभर संपायचं. त्यामुळे बॉम्ब लावायच्या चार जागांपैकी दोन जागा जादा टाक्यांनाच द्याव्या लागत. उरलेल्या दोन जागी पाचशे किलोचे बॉम्ब, नाहीतर ५७ मिलिमीटर रॉकेटचे पॉड (रॉकेट भरायचे नळकांड्यांचे संच). शिवाय पंखांच्या मुळाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. रणगाडे, रेल्वे, शत्रूचे विमानतळ ही त्याची लक्ष्यं आणि तीही बहुतेक दिवसाढवळ्या, जमिनीलगत उडत जाऊन. खालून विमानविरोधी तोफांचा मारा व्हायचा. आमची जास्त विमानं त्यानेच गेली.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या तळांवर हल्ले केले आणि त्या रात्रीपासून दिवस-रात्र हा हिशेबच राहिला नाही. विमान उतरलं की कुणी इंधन भरतंय, कुणी ऑक्सिजन, कुणी मागे पडलेलं ब्रेक पॅराशूट गोळा करून आणतंय. आम्ही आर्मरर रॉकेट एकेक करून हाताने पॉडमध्ये सरकवायचो आणि जोडणी करण्याआधी वायरीत वीज उतरत नाही ना, हे मीटर लावून पाहायचो. घाई कितीही असो, ही तपासणी कुणी टाळत नसे. पंजाबातल्या डिसेंबरात धातू इतका गार असायचा की बॉम्बचा फ्यूज, म्हणजे त्याचा स्फोट घडवणारा भाग, बसवताना बोटांना आटे कळत नसत. हातमोजे घालून ते काम होत नाही. विमानाचा सांगाडा सांभाळणारे एअरफ्रेमवाले रात्रभर पत्र्याचे तुकडे रिव्हेट करून गोळ्यांची भोकं बुजवत, तेही ब्लॅकआउटमध्ये, टॉर्चवर निळा कागद लावून. घरी पत्र लिहायचं तर पत्ता एकच, ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. कुठे आहोत, काय करतो, काही लिहायचं नाही.

उड्डाणाआधी वैमानिक फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या तपासणीच्या नोंदवहीवर, सही करतो. त्याच्या वर आमच्या सह्या असतात: हत्यारं तपासली, इंजिन तपासलं, विमान तयार आहे. चार विमानं जायची आणि कधी तीनच परतायची. इंधन किती वेळ पुरतं हे सगळ्यांना पाठ होतं. तो वेळ उलटून गेला तरी त्या विमानाचा माणूस शिडी आणि चाकाखालचे ठोकळे घेऊन पेनच्या, म्हणजे विमान ठेवायच्या आडोशाच्या, तोंडाशी उभा राहायचा. दुसऱ्या तळावर उतरलं असेल म्हणायचा. कधी कधी ते खरंही निघायचं.

खरं निघालं नाही की त्या विमानाची कागदपत्रं ताब्यात घेतली जात. अधिकाऱ्यांची समिती त्या वैमानिकाच्या खोलीतल्या वस्तूंची यादी करायची, मग ट्रंक बांधून त्याच्या घरी पाठवली जायची. एकदा यादी झाल्यावर धोबी कपडे घेऊन आला. यादी पुन्हा लिहावी लागली. आम्ही तोपर्यंत पुढच्या विमानाला बॉम्ब लावत होतो. ते विमान कुठे पडलं, का पडलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. युद्धात सांगता येत नाही हे समजतं, पण नंतरही सांगितलं नाही. मी बसवलेल्या फ्यूजने काम केलं का, बॉम्ब सुटला का, की तो न सुटल्यामुळे वैमानिकाला लक्ष्यावर पुन्हा फेरी मारावी लागली, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. माझ्यासोबतच्या कितीतरी जणांनी तो तसाच नेला.

कुटुंबांचं दुःख तर याहून फार मोठं. ३२ स्क्वॉड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबरला पाकिस्तानातल्या शोरकोट रोड तळावरच्या हल्ल्यात गेले ते परतलेच नाहीत. युद्धात बेपत्ता झालेल्या ५४ जणांच्या सरकारी यादीत त्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी पुढची सगळी वर्षं शोधात घालवली. २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, हाती काही लागलं नाही. आपले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर १० डिसेंबरला पडले, कैद झाले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटून अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचले. त्यांची कहाणी आपल्याला कळली, कारण ते परत येऊन ती सांगू शकले. जे आले नाहीत, त्यांच्यासाठी स्क्वॉड्रनची नोंदच बोलणार.

ती नोंद रोज लिहिली जात होती. कोण उडालं, किती वाजता, कोणतं लक्ष्य, सोबतच्या वैमानिकाने शेवटचं काय पाहिलं. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की साधारणपणे २५ वर्षांनी नोंदी खुल्या कराव्यात आणि त्याहून जुन्या नोंदी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्याव्यात. १९७१ ला पन्नास वर्षं केव्हाच उलटली. आता त्यात कसलं गुपित आहे? ती विमानंसुद्धा कधीच निवृत्त झाली.

आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा. १९७१ च्या कोणत्या स्क्वॉड्रनच्या डायऱ्या कुठे आहेत आणि त्या पाहण्यासाठी कुटुंबीयांनी, तसंच माझ्यासारख्या निवृत्त एअरमननी, कुणाकडे अर्ज करायचा, याची यादी मंत्रालयाने मराठीसह सगळ्या भाषांत प्रसिद्ध करावी. आमच्यातले जे उरलेत ते ऐंशीच्या घरात आहेत. दिल्लीला जावं लागलं तरी मी जाईन.

– हवाई दलातील एक निवृत्त आर्मामेंट फिटर, सातारा