खटल्याची किंमत कॉफी उत्पादकांनी का मोजावी?

ब्राझीलवरील ५० टक्के अमेरिकी आयातशुल्काविषयीचा अग्रलेख वाचला. दुसऱ्या देशातील खटला थांबवण्यासाठी आयातशुल्काचे हत्यार वापरणे गैर, हा त्यातील आक्षेप पटला. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी हे शुल्क जाहीर करतानाच ब्राझीलचे माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरील सत्तापालटाच्या कटाचा खटला थांबवा, असे बजावले. पुढे हा खटला हाताळणारे न्यायमूर्ती मोराइस यांच्यावर निर्बंधही लादले. परदेशातील खटल्यात लक्ष घालणेच गैर, असे नाही. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये त्या न्यायालयाने पाकिस्तानला शिक्षेचा फेरविचार करण्याचा आदेश दिला. न्याय्य सुनावणीसाठी दाद मागणे वेगळे. इथे सुनावणीच होऊ नये म्हणून खटल्याशी संबंध नसलेल्या कॉफी उत्पादकांच्या पोटावर पाय दिला गेला. ब्राझीलचे न्यायालय बधले नाही; सप्टेंबरमध्ये त्याने बोल्सोनारोंना २७ वर्षांहून अधिक कारावास सुनावला.

– एक वाचक, मिरज