शिकागोहून मामांना पत्र : सँकीची पायपेटी

शिकागो

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

परवा इथल्या ख्रिस्ती प्रवचनकारांचा विषय निघाला तेव्हा तुम्ही विचारलंत, "त्यांच्या प्रवचनात गाणं असतं का गं?" फोनवर ते नीट सांगून झालं नसतं, म्हणून लिहिते. असतं तर! माझ्या मते निम्मी गर्दी गाण्यालाच जमायची, नाव मात्र प्रवचनाचं.

एकोणिसाव्या शतकात इथे गावोगाव हिंडणारे प्रवचनकार पुष्कळ झाले. मोठा मांडव घालायचा, रोज रात्री हजारो माणसं जमवायची आणि शेवटी ख्रिस्ताला शरण जाऊ पाहणाऱ्यांना ‘पुढे या’ अशी हाक द्यायची. त्यांत आमच्या शिकागोचा ड्वाइट मूडी सगळ्यांत गाजला. आधी हा जोड्यांच्या दुकानात विक्रेता होता. शिक्षण बेताचं आणि सुराशी तर वैरच. पण आपल्याला गाणारा जोडीदार हवा, एवढं त्याला पक्कं कळत होतं. १८७० मध्ये इंडियानापोलिसच्या एका अधिवेशनात त्यानं आयरा सँकीला गाताना ऐकलं. सँकी करखात्यात नोकरीला, घरी बायकामुलं. मूडीनं त्याला सरळ सांगितलं, ती नोकरी सोड. दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात खोक्यावर उभं करून त्याला गायलाही लावलं. कारखान्यातून घरी निघालेले कामगार जागीच थांबले. नोकरी सुटायला पुढे काही महिने गेले, पण सुटली.

१८७३ मध्ये दोघं ब्रिटनला गेले. सँकीचं वाद्य ऐकून तुम्ही खूश व्हाल : पायांनी भाता मारायचा छोटा ऑर्गन, म्हणजे आपली पायपेटीच. स्कॉटलंडच्या कर्मठ मंडळींना देवळात वाद्यच चालत नसे. तिथे नुसती स्तोत्रं म्हणायची, तीही बिनसाथीची. आपल्या पेटीला आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्यावर तुम्ही अजून चिडता ना? सँकीला हेच आधी सोसावं लागलं.

आणि तिथेच त्यानं कमाल केली. १८७४ मध्ये ग्लासगोहून एडिंबरोला जाताना वर्तमानपत्रात त्याला एक कविता दिसली : शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ त्याच्यामागे रानोमाळ हिंडतो. त्यानं ती फाडून खिशात ठेवली. लिहिणारी एलिझाबेथ क्लेफेन १८६९ मध्येच वारली होती. एडिंबरोच्या सभेत मूडी मेंढपाळावरच बोलला आणि एकदम वळून म्हणाला, याला साजेसं काही गा. सँकीनं कात्रण ऑर्गनवर पसरलं, काळी चारवर सूर धरला आणि जागच्या जागी चाल बांधत गेला. पहिलं कडवं पार पडलं, तेव्हा खरी धास्ती बसली. आता दुसऱ्याला हीच चाल आठवायला हवी! पाचही कडवी निभावली. तुमच्यासारख्या पेटीवाल्याला त्यातली जोखीम सांगायला नको.

या गाण्यांची घडण भजनासारखीच आहे : चरण एकानं म्हणायचे, ध्रुवपद सगळ्यांनी उचलायचं. आयुष्यात पहिल्यांदा आलेला माणूसही दुसऱ्या ध्रुवपदाला सामील होतो. शब्द साधे, चाल आवाक्यातली. इथले जाणकार त्यांना बाळबोध म्हणून नाकं मुरडतात. मुरडोत बापडे.

पैशांचं विचारणार हे ठाऊक आहे, म्हणून तेही सांगते. सँकी-मूडीच्या गाण्यांच्या पुस्तकांवर मानधन अफाट जमलं. दोघांनी ते स्वतः घेतलं नाही. त्यातून नॉर्थफील्डला मूडीनं काढलेल्या शाळांना मोठी मदत झाली. पण ज्यांनी गाणी लिहिली त्यांना काय मिळालं? फॅनी क्रॉस्बी तान्हेपणापासून आंधळी. बाईंनी आठ हजारांवर गीतं रचली, आणि एका गीतामागे हाती पडत डॉलर-दोन डॉलर. पानोपानी तिचंच नाव दिसू नये म्हणून तिची गीतं नाना टोपणनावांनी छापली जात. ती ९४ वर्षं जगली, त्यातली बरीचशी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत. स्वतः ती कुरकुरली नाही म्हणतात, पण मला वाचून राग आलाच.

काळ्या लोकांची परंपरा वेगळी आणि मला जास्त भिडते. टॉमस डॉर्सी आधी ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांचं ऐहिक सुखदुःखाचं गाणं, वाजवायचा; ब्लूज गायिका मा रेनीच्या साथीला असायचा. तोच ठेका त्यानं भक्तिगीतात आणला, तेव्हा कित्येक चर्चमधून त्याला हाकलून दिलं. १९३२ मध्ये तो सेंट लुईसच्या अशाच एका सभेत असताना तार आली : बायको बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही गेलं. त्यानंतर काही दिवसांनी पियानोवर बसून त्यानं ‘प्रेशस लॉर्ड’ हे भक्तिगीत केलं. चाल जुन्या स्तोत्राची, वळणं त्याची. १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या अंत्यविधीला भक्तिगीतं गाणाऱ्या महालिया जॅक्सननं तेच गायलं.

आपल्याकडे नगरला अमेरिकन मिशनबरोबर असल्या विलायती चाली आल्याच होत्या. रेव्हरंड टिळकांनी मात्र अभंग आणि भजनं रचली, ख्रिस्ती कीर्तनंही केली. शहाणा माणूस! मराठी तोंडात विलायती चाल कितीही घोळवली तरी अवघडतेच.

महालियाचं गाणं व्हॉट्सअॅपवर पाठवतेय. आधी पेटी न काढता ऐका, आणि मग तिचे सूर लावून कुठे फसताय ते कळवा. लय ती इतकी मागे ओढते की तुमचा तबलजी नक्की वैतागेल. मामींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलात का?

तुमची,
मनू