मंत्रिमहोदय, बक्षीस देण्याआधी संहिता वाचली जावी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत लघुपटांच्या आणि लघुपटांसाठीच्या पटकथांच्या स्पर्धा गावोगाव पोहोचल्या आहेत. शासनाचे विभाग, जिल्हा प्रशासन, विद्यापीठे, शासकीय मदतीवर चालणारे महोत्सव, सगळेच त्या घेतात. मतदार जागृती, व्यसनमुक्ती, पाणी, स्वच्छता असे विषय दिले जातात आणि मुले मनापासून लिहितात. मला या स्पर्धांचे मोल फार वाटते. लघुपट करायला कॅमेरा लागतो, माणसे लागतात, दोन दिवसांचे जेवणखाण लागते. पटकथा लिहायला यातले काहीच लागत नाही. सिरोंच्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलीला सिनेमाच्या दारात उभे राहायचे असेल, तर पटकथा स्पर्धा हाच तिच्या आवाक्यातला रस्ता आहे. म्हणून तिथला निवाडा नीट व्हायला हवा, आणि तो आज नीट होत नाही.

मी पटकथा लिहिते आणि अशा स्पर्धांसाठी आलेल्या संहिता पहिल्या फेरीची वाचक म्हणून वाचल्याही आहेत. त्यातली एक अजून मनातून जात नाही. विदर्भातून आली होती. जिनिंगच्या आवारात कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आहे. एक गाडी काट्यावर चढते. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, दाबतो, सोडतो. पाटीवरचा आकडा बोटाने पुसतो आणि त्याखाली नवा लिहितो. कापसावर बसलेली मुलगी आधी पाटीकडे बघते, मग बापाकडे. बाप बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहतो. पुढच्या दृश्यात घरी आई दिवा लावताना विचारते, ‘वही आणली का?’ आणि मुलगी म्हणते, ‘दुकान बंद होतं.’ अख्ख्या संहितेत बोलणे एवढेच.

गुणपत्रिकेत पाच रकाने होते. कथा, मांडणी, संवाद, सामाजिक संदेश, भाषाशुद्धता. प्रत्येकाला 20 गुण. एका परीक्षकाने संवादाच्या रकान्यात 2 लिहिले होते आणि शेरा होता, ‘संवाद जवळपास नाहीत.’ दुसऱ्याचा शेरा, ‘संदेश स्पष्ट होत नाही.’ संहिता पहिल्याच फेरीत गळली. ‘दुकान बंद होतं’ हे मुलगी खोटे बोलते आहे, आणि ते खोटे बोलताना ती एका दिवसात मोठी झाली आहे, हे दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आले नव्हते. लक्षात आले असते, तरी त्या गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता.

त्या दोन परीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्या हाती दिलेली पत्रिकाच मुळात एकांकिकेची होती. एकांकिकेत नट बोलतो तेव्हा नाटक पुढे सरकते. पटकथेत कॅमेऱ्याला काय दिसते, कोणत्या क्रमाने दिसते आणि दृश्य नेमके कुठे तुटते, यावर सगळे अवलंबून असते. संवादांना वेगळे 20 गुण ठेवले की लिहिणारा पात्रांना बोलायला लावतो. संदेशाला 20 ठेवले की शेवटच्या पानावर एक गुरुजी किंवा एखादी ताई उभी राहून भाषण करते. शेकडो संहितांचा शेवट एकसारखा होतो तो मुलांना दुसरे काही सुचत नाही म्हणून होत नाही. आपण गुण कुठे ठेवले आहेत ते त्यांना बरोबर कळलेले असते.

भाषाशुद्धतेच्या रकान्याबद्दल तर मला आपल्याकडे थेट विनंती करायची आहे. तो काढून टाका. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. त्याच मराठीतली वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली एखाद्या पात्राच्या तोंडी आली की लाल शाईची रेघ का पडावी? नंदुरबारची आजी पुण्याच्या पुस्तकासारखी बोलू लागली तर ती पटकथा खोटी ठरते. गुण कापायचेच तर त्या खोटेपणाचे कापावेत.

पानांच्या अटीचेही तसेच. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब अमेरिकेतून आला. तो इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या मांडणीवर आणि कुरिअर टंकाच्या 12 आकारावर बसवलेला आहे. देवनागरीत टंक बदलला की तीच संहिता 10 पानांची 14 होते. आपल्याकडे बरेच जण अजून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी अशा दोन रकान्यांत लिहितात, त्याची पाने आणखी वेगळी भरतात. ‘दहा पानांपेक्षा जास्त, म्हणून बाद’ असा शेरा मारण्याऐवजी आयोजकांनी युनिकोडमधला एक नमुना द्यावा आणि मर्यादा मिनिटांत सांगावी. काम एका दुपारचे आहे.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, ते. अनेक स्पर्धांच्या नियमावलीत शेवटून दुसरी-तिसरी ओळ असते, ‘प्राप्त झालेल्या सर्व संहितांचे हक्क आयोजकांकडे राहतील.’ विजेत्यांच्या नव्हे, सर्व. म्हणजे ज्याला बक्षीस नाही, मानधन नाही, साधी पोचही नाही, त्याचीही गोष्ट त्याची राहिली नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याप्रमाणे कृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखकच असतो. हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर लेखी करार लागतो, त्यावर सही लागते, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे लिहावे लागते. काळ लिहिला नसेल तर 5 वर्षे धरली जातात. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटलेखकांच्या रॉयल्टीच्या हक्काला आणखी आधार दिला. संसदेने एवढे सगळे केल्यावर शासनाच्या पैशावर होणाऱ्या स्पर्धेने अर्जावरच्या एका टिकमार्कने ते पुसून टाकावे, हे शोभत नाही.

यात आणखी एक धोका आहे आणि नवख्या लेखकांना तो ठाऊक नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये स्पष्ट केले की कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. लघुपटात तर कल्पना हाच मोठा ऐवज असतो. कुणीतरी संहिता वाचते, सहा महिन्यांनी तीच कल्पना वेगळ्या कपड्यांत पडद्यावर येते आणि मूळ लिहिणाऱ्याकडे दाखवायला काहीच नसते. म्हणून प्रत्येक संहितेला तारखेसह पोच मिळालीच पाहिजे, आणि ती कुणाकुणाने वाचली याची नोंद आयोजकांकडे राहिली पाहिजे. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांच्या संहितांची नोंदणी करते. तिथवर पोहोचलेल्यांचे ठीक आहे, पण कॉलेजातल्या मुलांना त्या संस्थेचे नावही कुणी सांगितलेले नसते. प्रवेशिकेवर दोन ओळी छापल्या तरी पुष्कळ होईल.

परीक्षण चांगले होऊ शकते, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा 1963 पासून चालू आहे. 2022 मध्ये तिथल्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर वाद झाले, मुले दुखावली, मलाही निर्णय कठोर वाटला. पण त्या दर्जाची एकही एकांकिका नव्हती, हे कारण समोर ठेवले गेले आणि त्यामुळे वाद घालणाऱ्यांना बोलायला निदान जागा राहिली. पटकथा स्पर्धेत तेवढेही होत नाही. नावांची यादी लागते, फोटो छापून येतो. का जिंकले आणि का हरले, हे जिंकणाऱ्यालाही कळत नाही.

माझी मुख्य मागणी म्हणून एकच आहे. शासनाच्या पैशाचा एकही रुपया लागला असेल अशा स्पर्धेत, नाव झाकलेली प्रत्येक संहिता किमान दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचावी आणि दोघांनीही लेखकासाठी पाच-सहा ओळींचा अभिप्राय लिहावा. दोघांच्या मतांत मोठी तफावत असेल तर तिसऱ्याने वाचावे. असा अभिप्राय संहिता वाचल्याशिवाय लिहिताच येत नाही, त्यामुळे वाचन झाले की नाही हा प्रश्नच उरत नाही. यासाठी वाचकांना मानधन द्यावे लागेल. आज समारंभाच्या चार दिवस आधी एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या घरी गठ्ठा पाठवला जातो आणि शाल-श्रीफळावर भागते. त्या व्यक्तीने अंतिम फेरीतल्या निवडक संहिता निवांत वाचाव्यात, पहिल्या फेरीचे ओझे तिच्यावर नको. व्यासपीठ, फुले आणि फ्लेक्स यांचा खर्च निम्म्यावर आणला तर वाचकांचे मानधन सहज निघेल.

बक्षिसाबद्दलही विचार व्हावा. धनादेश लागतोच, तो वेळेवर मिळावा. पण पटकथा लिहिणाऱ्याला खरी ओढ असते ती आपले लिहिलेले चित्रित झालेले पाहण्याची. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी आणि कोल्हापूरची चित्रनगरी आपल्याच महामंडळाच्या अखत्यारीत आहेत. विजेत्या संहितेला तिथे दोन दिवस विनामूल्य चित्रीकरण आणि एक अनुभवी संकलक मिळवून देणे आपल्याला अवघड नाही.

पुढच्या स्पर्धेची जाहिरात निघण्यापूर्वी आपल्या विभागाने गुणांकनाचा नवा नमुना आणि हक्कांची सुधारलेली अट यांचे परिपत्रक काढावे, ही विनंती. मसुदा करण्यासाठी पटकथा शिकवणारे, लिहिणारे आणि बोलीभाषांत काम करणारे लोक एका टेबलाशी बसवलेत, तर मी माझ्या खर्चाने येईन आणि जमेल ते सगळे काम करीन.

कळावे,

आपली नम्र,
एक पटकथालेखिका