सूचना : उंदीर चावला किंवा ओरखडला तर

पिंजरे हाताळणाऱ्या सर्व सदस्यांसाठी.

जखम छोटी असली तरी लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. चांगली दहा-पंधरा मिनिटे. हळद, चुना, टूथपेस्ट काहीही भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते तपासा. चावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती का, ते पुढे आहे.

मूषकदंश ज्वराचा (उंदीर चावल्याने किंवा ओरखडल्याने येणाऱ्या तापाचा) जंतू, स्ट्रेप्टोबॅसिलस, धडधाकट उंदराच्या तोंडात-नाकातही असतो. त्यामुळे 'आमचा उंदीर घरचाच, निरोगी आहे' याला अर्थ नाही. जखम बहुधा छान भरून येते आणि फसगत होते ती इथेच. साधारण 3 ते 10 दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही, एकदम थंडी वाजून ताप, उलट्या, सांधेदुखी आणि तळहात-तळपायांवर पुरळ. तोवर चावा कुणाच्या लक्षातही नसतो. डॉक्टर व्हायरल समजतात.

याच ज्वराचा दुसरा जंतू स्पायरिलम. त्यात भरलेली जखम 1 ते 3 आठवड्यांनी पुन्हा सुजते, जवळच्या गाठी वाढतात, ताप येतो-जातो.

ताप आला की डॉक्टरांना आधी उंदराचे सांगा. रक्ताच्या कल्चरच्या (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) नेहमीच्या बाटल्यांतले एक रसायन स्ट्रेप्टोबॅसिलसची वाढ रोखते, म्हणून लॅबलाही संशय कळायला हवा. पेनिसिलिनने आजार बरा होतो, ॲलर्जी असल्यास डॉक्सिसायक्लिन देतात. घरातल्या उरलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका. उपचाराविना हृदयाच्या झडपांपर्यंत संसर्ग जाऊ शकतो.

पिंजरा साफ करताना हातमोजे घाला. उंदराला तोंडाशी नेऊन पापा घेणे बंद.