भिंतीचा कागद

सोलापूर,
१८ मे

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

सात महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितो आहे तेही एका भिंतीबद्दल, हे पाहून तू हसशील. तेवढा अधिकार तुला आहे. घरी सगळे ठीक आहेत. माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे.

पुढच्या महिन्यात अण्णांचे वर्षश्राद्ध. त्याआधी त्यांच्या खोलीला रंग द्यावा म्हणून परवा मी सिद्धेश्वराच्या देवळाचे ते मोठे चित्र काढायला घेतले. तुला आठवत असेल, २०१२ साली आपण जिप्सम बोर्डाची आडभिंत उभी केली त्याच संध्याकाळी, प्रायमरचा हात फिरण्याआधीच, अण्णांनी सुताराचा पांढरा डिंक फासून ते चित्र कोऱ्या बोर्डावर चिकटवले होते आणि तुझे-माझे कोणाचेच ऐकले नव्हते. रंगाऱ्याने मग मुकाट्याने चित्राच्या कडेकडेने रंग फिरवला. परवा मी चित्र ओढले, तर बोर्डाचा वरचा कागदच त्याच्या पाठीला लागून निघाला. हातभर लांबीचा तपकिरी पट्टा उघडा पडला आणि दोन ठिकाणी आतला खडूसारखा जिप्समही दिसू लागला. खाली रंगाचा किंवा प्रायमरचा एक जरी थर असता, तर बहुधा तो निघाला असता आणि कागद वाचला असता.

यानंतर जे घडले त्यात शहाणपणाचा अंश नाही. रंगारी म्हणाला, 'लांबी भरतो, साहेब, काही दिसणार नाही.' त्याने आयुष्यभर सिमेंटच्या गिलाव्यावर काम केलेले; पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत ओली करायची हे त्याच्या हातात मुरलेले. त्याने ब्रशने पाणी मारले, वर पुट्टी ओढली, आणि उकाडा असह्य झाल्याने मी रात्रभर त्याच भिंतीकडे तोंड करून कूलर चालू ठेवला. सकाळी भिंत पुरीसारखी टम्म फुगलेली होती. उघडा पडलेला तपकिरी कागद पुट्टीतले पाणी पितो, त्याचे तंतू फुगतात, फाटलेल्या कडा उचलल्या जातात आणि फुगे तसेच वाळून बसतात. हे मला आता समजते. तू मात्र तेव्हाच सांगितले होतेस की बोर्डाची ताकद जिप्सममध्ये नसून दोन्ही बाजूंच्या कागदात आहे, कागद जप. त्यावर मी 'म्हणजे आमच्या अण्णांची खोली वहीच्या पुठ्ठ्याची' असे म्हणून तुला डिवचले होते. तो शब्द मी आज मागे घेतो. वीट हवी होती हा हट्ट मात्र अजून सोडलेला नाही.

रंगाऱ्याला दोन दिवस सुट्टी देऊन मी स्वतः बसलो. कूलर बंद केला, फुगलेली पुट्टी खरवडून काढली आणि भिंत पूर्ण कोरडी होऊ दिली. इथल्या मे महिन्याचा तेवढा एक उपयोग. मग धारदार कटरने फाटलेल्या भागाच्या सभोवती, जिथे कागद बोर्डाला घट्ट धरून आहे तिथे, हलकी चीर दिली आणि आतला सुटा कागद त्या चिरेपर्यंत सोलला, म्हणजे तो पुढे फाटत जात नाही. उरलेली लव १५० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने बसवली. हात जड झाला की आणखी लव उठते, हे मी एका कोपऱ्यावर सिद्ध करून पाहिले आहे.

आता प्रायमरचा प्रश्न. पाण्यातला प्रायमर इथे चालत नाही, तो पुन्हा कागद फुगवतो. तू असतास तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावली असतीस, आणि ती तासाभरात वाळलीही असती, हे मान्य. पण गॅदरिंगच्या वेळी तू मागच्या वर्षीची भिजवलेली लाख सेटच्या दाराला फासलीस, ती तीन दिवस चिकटच राहिली आणि दुसऱ्या अंकात आपले नायक धोतरासकट दाराला अडकले, हे मी विसरलेलो नाही. जुनी लाख वाळत नाही हे तुला माहीत होते की नव्हते, यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. म्हणून मी नवी पेठेतून तेलाचा प्रायमर आणला, कडांच्या बाहेर दोन बोटे जाईल असा लावला आणि रात्रभर वाळू दिला. सकाळी बोट फिरवले तर पृष्ठभाग पत्र्यासारखा कडक. आता सिमेंटची पुट्टी नको. बोर्डाच्या सांध्यांना भरतात तो जिप्समचा मसाला, पातळ, दोन हातांत, आणि घासून झाल्यावर पुन्हा प्रायमर, मग रंग.

परंतु पत्र लिहायला बसलो ते यासाठी नव्हे. चित्राच्या खालच्या डाव्या बाजूला डिंक लागला नव्हता, म्हणून तिथला कागद शाबूत आहे, आणि त्यावर तुझ्या अक्षरात पेन्सिलीने हिशेब आहे: '६ × ४, सहा नग, स्क्रू दोन पुडे'. त्याखाली अण्णांचे थरथरते अक्षर: 'चहा ३, बापूला बिनसाखर'. पुढची ओळ फाटून गेली. चित्राची पाठ उलटून पाहिली, पण लिहिलेली बाजू डिंकात दडली आहे आणि दिसते ती नुसती तपकिरी पाठ. मी प्रायमर त्या अक्षरांच्या अलीकडेच थांबवला. सौ. म्हणते, सगळे एकसारखे रंगवा, पाहुण्यांना डाग दिसेल. तिचेही चुकत नाही. तिसरी ओळ काय होती, ते तुला आठवते का?

तुझी बदली झाल्याचे कळले. जागा चांगली मिळो. वहिनींचे गुडघे आणि छोटीचा निकाल यांबद्दल सविस्तर लिही. शेंगांची चटणी पाठवतो आहे.

रंगारी सोमवारी येणार आहे. त्याआधी फोन कर. पत्राने उत्तर देशील तर भिंत रंगून गेलेली असेल.

तुझा,
नाना